रक्तपेशी वाळवताना

घोणस चावलेल्या माणसाच्या उपचारात एक विचित्र विसंगती असते. त्याला लागणारं प्रतिविष प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात मिळतं. घोड्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं गोठवून, निर्वातात सुकवून काचेच्या छोट्या बाटलीत भरलेली असतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये असं औषध कित्येक वर्षं तयार होत आलं आहे. बाटलीत १० मिलिलिटर पाणी सोडायचं, न झटकता हलकेच फिरवायचं आणि पूड विरघळली की सलाइनमधून द्यायचं. वीज गेली, फ्रीज बंद पडला तरी ही पूड तग धरते. पण घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकतं. रक्तस्राव थांबेना आणि रुग्णाला रक्त किंवा रक्तघटक देण्याची वेळ आली, की जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे गाडी पिटाळावी लागते. घोड्याच्या रक्तातली प्रथिनं आपण कपाटात ठेवू शकतो. माणसाच्या रक्तातल्या पेशी अजून ठेवू शकत नाही.

का ठेवू शकत नाही, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तीसेक वर्षांहून अधिक काळ अनेक प्रयोगशाळा त्यामागे लागलेल्या आहेत. त्यांच्या वाटचालीतून पेशी म्हणजे काय, पाणी तिच्यात नेमकं काय काम करतं आणि आपण वाळवलेल्या पेशीकडून कोणती अपेक्षा धरतो, हे तीनही विषय उलगडत जातात. माझ्या दृष्टीने तिसरा सर्वांत महत्त्वाचा.

रक्तपेढीचा सगळा व्यवहार मुदतीवर चालतो. पोषक द्रावण घातलेली लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला ४२ दिवस चालते. प्लेटलेट्सना थंडी सोसत नाही. त्या २० ते २४ अंशांना, सतत हलणाऱ्या एजिटेटरवर ठेवाव्या लागतात आणि साधारण पाच दिवसांत वापराव्या लागतात. इतक्या उबेत चुकून शिरलेले जंतूही वाढतात, म्हणून ही मुदत लांबवायला कोणी सहजी धजत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी गेलेले असतात, शिबिरं रोडावतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूमुळे प्लेटलेट्सची मागणी एकदम चढते. पाच दिवसांची वस्तू एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात नेता येत नाही, मग ऋतूची गोष्टच सोडा.

शिवाय त्या ४२ दिवसांतही लाल पेशी जशीच्या तशी राहत नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला भाग पाडणारा २,३-डीपीजी हा रेणू पहिल्या दोनेक आठवड्यांतच बहुतांशी संपतो. पोटॅशियम बाहेर झिरपतं. गुळगुळीत चकतीला काटे फुटू लागतात. थंडीने पेशीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, थांबत नाहीत. त्या थांबवायच्या तर पेशीतलं पाणी गोठवावं लागेल किंवा काढून टाकावं लागेल.

रक्ताच्या पातळ भागापुरतं हे काम फार पूर्वी जमलं. १९३५ मध्ये फिलाडेल्फियात अर्ल फ्लॉसडॉर्फ आणि स्टुअर्ट मड यांनी रक्तजल गोठवून निर्वातात सुकवण्याची यंत्रणा आणि पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर प्लाझ्माचे संच गेले ते याच पद्धतीने: एका बाटलीत पूड, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, सोबत नळी आणि सुया. आघाडीवर, चिखलात, विजेशिवाय काही मिनिटांत प्लाझ्मा तयार व्हायचा. या यशात एक जीवघेणा दोष लपलेला होता. अनेक दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून सुकवला जाई, आणि त्यातल्या एकाला कावीळ असली तरी विषाणू सगळ्या घाण्यात पसरत. सुकवल्याने प्रथिनं टिकतात, तसे विषाणूही टिकतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हा प्लाझ्मा मागे पडला. फ्रान्सच्या लष्करी रक्तकेंद्राने पुढे नव्या सावधगिरीने तो पुन्हा उभा केला: मोजकेच दाते, विषाणू निष्प्रभ करणारी प्रक्रिया, कोणत्याही रक्तगटाला चालेल अशी जुळणी आणि खोलीच्या तापमानाला दोन वर्षांची मुदत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपल्या सैन्यासाठी हाच फ्रेंच प्लाझ्मा आणीबाणीच्या वापराला मोकळा केला.

प्लाझ्मा म्हणजे पाण्यात विरघळलेली प्रथिनं आणि क्षार. पेशीची गोष्ट निराळी. तिला आत आणि बाहेर आहे. दोन्हींमध्ये मेदरेणूंचं, दोन रेणूंच्या जाडीचं तलम पटल आहे, आणि ते पटल शाबूत राहणं म्हणजेच पेशीचं पेशीपण.

सुकवण्याआधी गोठवावं लागतं, आणि पहिला घात तिथेच होतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतले पीटर मझूर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये त्याचं दुहेरी स्वरूप नेमकं मांडलं. पेशी सावकाश थंड केली तर बर्फ आधी बाहेर बनतो. बर्फात मीठ सामावत नाही, म्हणून उरलेल्या पाण्यातलं मीठ दाटत जातं, पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, ती आक्रसते आणि खारात होरपळते. फार वेगाने थंड केली तर पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक धरतात आणि ती फुटते. प्रत्येक जातीच्या पेशीसाठी या दोन संकटांमधला वेग वेगळा असतो. लाल पेशीच्या पटलातून पाणी फार झपाट्याने ये-जा करतं, म्हणून तिला सोसणारा वेग मिनिटाला शेकडो-हजारो अंशांच्या घरात जातो. मोठ्या पिशवीच्या मधोमध असा वेग साधणं यंत्राच्या आवाक्याबाहेरचं आहे.

यातून वाट निघाली १९४९ मध्ये, लंडनजवळच्या मिल हिल इथल्या संस्थेत. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचे शुक्राणू साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते आणि ते मरत होते. एका बाटलीने अचानक ते वाचवले. तपासणी केली तेव्हा त्या बाटलीत साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. पुढच्याच वर्षी ऑड्री स्मिथ यांनी ग्लिसरॉलमध्ये लाल पेशी गोठवून दाखवल्या आणि त्यानंतर लगेच गोठवलेलं रक्त माणसांना देऊन पाहिलं गेलं. आजही दुर्मिळ रक्तगटाच्या पिशव्या याच मार्गाने, सुमारे ४० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ६५ अंशांखाली दहा वर्षं ठेवल्या जातात. मात्र ग्लिसरॉलसकट रक्त शिरेत सोडता येत नाही. आधी ते कमी कमी खारट द्रावणांनी पायरीपायरीने धुवावं लागतं, त्याला तास-दीड तास जातो, काही पेशी धुण्यात गमावल्या जातात, आणि साध्या उघड्या पद्धतीने धुतलेली पिशवी २४ तासांत वापरावी लागते. डीप फ्रीझर, जनरेटर, धुण्याचं यंत्र, प्रशिक्षित माणूस या सगळ्याची जमवाजमव असलेल्या शहरापुरताच हा उपाय उरतो.

म्हणून सुकवणं. त्याचं भौतिकशास्त्र सुंदर आहे. पाण्यावरचा दाब वातावरणाच्या सुमारे ०.६ टक्क्याखाली उतरवला की द्रवरूप पाणी राहूच शकत नाही. बर्फाची थेट वाफ होते. यंत्रात बाटल्या उणे ४० किंवा त्याखाली गोठवतात, निर्वात करतात आणि बेताची उष्णता देत राहतात. एक किलो बर्फाची अशी वाफ करायला सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणून घाई चालत नाही. उष्णता जास्त झाली तर अर्धवट सुकलेला सांगाडा ढासळून चिकट होतो; कमी झाली तर दिवसच्या दिवस जातात. बर्फ उडून गेल्यावर प्रथिनांना आणि मेदरेणूंना बिलगलेलं पाणी उरतं. ते काढायला तापमान हळूहळू चढवत नेतात. शेवटी काही टक्के ओल राहते.

पेशीचा दुसरा घात होतो तो या बिलगलेल्या पाण्याच्या जाण्याने. पटलातल्या मेदरेणूंची डोकी पाण्याला धरून असतात आणि पाण्यामुळेच त्यांच्यात अंतर राहतं. पाणी गेलं की डोकी एकमेकांना खेटतात, तेलकट शेपट्या दाटीवाटीने ताठ होतात आणि प्रवाही पटल थिजतं. हा बदल मोजता येतो. प्रयोगशाळांत नेहमी वापरला जाणारा डीपीपीसी नावाचा मेद पाण्यात ४१ अंशांना थिजलेल्या अवस्थेतून प्रवाही होतो. कोरडा केला तर त्याच बदलाला १०० अंशांहून जास्त तापमान लागतं. आता अशा थिजलेल्या पटलावर पुन्हा पाणी ओतलं, तर त्याला थिजलेल्या अवस्थेतून प्रवाही अवस्थेत परतावं लागतं, आणि त्या स्थित्यंतरात पटलाला भेगा पडतात. आतलं सगळं बाहेर सांडतं. मनुका पाण्यात टाकली की टम्म फुगते, पण तिचं द्राक्ष होत नाही. लाल पेशीचंही तेच होतं, फरक इतकाच की तिचं हिमोग्लोबिन बाहेर पडून आजूबाजूचं पाणी लालभडक करतं.

निसर्गात मात्र पूर्ण वाळून पुन्हा जगणारे जीव आहेत. लेव्हेनहूक यांनी १७०२ मध्ये पन्हळीतली सुकी धूळ पाण्यात भिजवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना त्यात चक्रधर जीव (रोटिफर) पोहताना दिसले. खाऱ्या तळ्यांतल्या आर्टेमिया कोळंबीची अंडी वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात. बेकरीतलं कोरडं यीस्ट हेही असंच, वाळवून जिवंत ठेवलेलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत जॉन आणि लोइस क्रो या दांपत्याने अशा जीवांचा पिच्छा पुरवला. त्यांच्या लक्षात आलं की यांतले बरेचसे जीव वाळताना ट्रेहॅलोज नावाची साखर भरपूर बनवतात. १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी मांडलं की पाणी निघून जाताना ट्रेहॅलोजचे रेणू मेदरेणूंच्या डोक्यांपाशी पाण्याची जागा घेतात. डोक्यांमधलं अंतर टिकतं, कोरडं पटलही थिजत नाही आणि पुन्हा भिजवताना ते घातक स्थित्यंतर टळतं.

ट्रेहॅलोजचे आणखी दोन गुण इथे उपयोगी पडतात. ते वाळताना स्फटिक न होता काचरूप होतं, म्हणजे रेणू जागच्या जागी खिळतात आणि रासायनिक क्रिया जवळपास ठप्प होतात. आणि त्याचे दोन ग्लुकोज एकमेकांना अशा टोकांनी जोडलेले असतात की प्रथिनांशी अभिक्रिया करायला मोकळं टोकच उरत नाही. साधं ग्लुकोज साठवणीत प्रथिनांना चिकटून त्यांना तपकिरी करतं; ट्रेहॅलोज तसं करत नाही. एके काळी ही साखर फार महाग होती. १९९०च्या दशकात जपानमधल्या हायाशिबारा कंपनीने पिष्टापासून वितंचकांनी ती बनवण्याची रीत काढली आणि किंमत इतकी उतरली की ती मिठायांतही पडू लागली.

ट्रेहॅलोज म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा असा समज पसरायला नको. काही चक्रधर जीवांमध्ये ही साखर सापडतच नाही, तरीही ते वाळून जगतात. जलअस्वल (टार्डिग्रेड) या सूक्ष्म जीवांच्या अनेक जातींतही ती नगण्यच असते. तिथे ठरावीक आकार नसलेली, वाळताना जेलीसारखी दाटणारी प्रथिनं काम करतात. वायोमिंग विद्यापीठात थॉमस बूथबी यांच्या गटाने २०२३ मध्ये अशा एका प्रथिनाच्या साहाय्याने हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारा फॅक्टर आठ फ्रीजविना टिकवून दाखवला. रक्ताशी संबंधित कामात ही वाट पुढे नक्कीच रुंदावेल.

अडचण अशी, की ट्रेहॅलोज पटलाच्या दोन्ही बाजूंना हवं. बाहेरून लेप दिला आणि आतली बाजू उघडी राहिली तर अर्धं काम अर्धंच राहतं. यीस्टमध्ये ट्रेहॅलोज आतच तयार होतं. माणसाच्या पेशी ते बनवत नाहीत आणि आत घ्यायचं दारही त्यांच्याकडे नाही. गेल्या २५ वर्षांतलं बहुतेक संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरतं: साखर आत कशी न्यायची?

प्लेटलेट्सनी याचं उत्तर सर्वांत आधी दिलं, तेही जवळजवळ आपणहून. क्रो आणि फर्न टॅब्लिन मुळात वेगळ्याच कारणाने प्लेटलेट्सकडे वळले होते: त्या थंडीत का बिघडतात? त्यांना आढळलं की प्लेटलेटचं पटल १५ अंशांच्या आसपास थिजू लागतं. म्हणजे फ्रीजमध्येच त्या स्थित्यंतरातून जातात आणि रक्त गोठवण्याची तयारी केल्यासारख्या आकार बदलतात. रक्तपेढीतलं ते हलणारं, उबदार कपाट कशासाठी, याचा एक मोठा भाग इथे उलगडतो. मग त्यांनी प्लेटलेट्स ट्रेहॅलोजच्या द्रावणात ३७ अंशांना काही तास ठेवल्या. प्लेटलेट आजूबाजूच्या द्रवाचे बारीक घोट घेत असते. त्या घोटांबरोबर साखर आत गेली. २००१ मध्ये विलेम वोल्कर्स यांच्यासह या गटाने दाखवलं की अशा प्लेटलेट्स गोठवून सुकवून पुन्हा भिजवल्या तर सुमारे ८५ टक्के शाबूत राहतात आणि थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं वितंचक दिल्यावर गुठळीही करतात.

त्याआधी, १९९५ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनातल्या मार्जोरी रीड, आर्थर बोडे आणि सहकाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला होता. त्यांनी प्लेटलेट्स आधी पॅराफॉर्मल्डिहाइडने पक्क्या केल्या आणि मग सुकवल्या. ऐकायला हे भयंकर वाटतं, कारण अशी पेशी कोणत्याही अर्थाने जिवंत उरत नाही. तरी तिच्या पृष्ठभागावरचे ग्राही जागेवर होते आणि प्राण्यांच्या जखमांवर ती चिकटत होती. पुढे मेरीलँडमधल्या सेलफायर कंपनीने ट्रेहॅलोज आणि साखरेच्या बहुवारिकात सुकवलेल्या प्लेटलेट्स ‘थ्रॉम्बोसोम्स’ नावाने विकसित केल्या. त्या खोलीच्या तापमानाला काही वर्षं टिकतात, पाण्यात मिनिटांत तयार होतात आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचल्या आहेत.

या प्लेटलेट्स रक्तात फार काळ फिरत नाहीत. ताजी प्लेटलेट आठ-दहा दिवस फिरते. सुकवलेली थोड्याच वेळात रक्तातून काढून टाकली जाते. केमोथेरपीच्या रुग्णाला आठवडाभर संरक्षण द्यायला ती निरुपयोगी. पण अपघातात फाटलेली शीर किंवा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आठवडाभर थांबत नाही. तिथे पेशीने जखमेपाशी जावं, चिकटावं आणि गोठण्याची क्रिया पेटवावी, एवढंच हवं असतं. त्या तासाभरात ती उपयोगी पडली तर नंतर यकृताने तिला गिळलं तरी हरकत नाही. उलट दुसरी काळजी करावी लागते: अर्धवट उत्तेजित झालेल्या या प्लेटलेट्स नको तिथे, निरोगी रक्तवाहिनीत गुठळी करणार नाहीत ना? चाचण्यांचा मोठा भाग याच शंकेवर खर्च होतो, आणि तो व्हायलाच हवा.

लाल पेशीकडून आपण तासाभराचं काम मागत नाही. तिने १२० दिवसांच्या आयुष्यातला मोठा भाग जगावा, लाखो फेऱ्या माराव्यात अशी अपेक्षा असते. ती साधीसुधी वस्तू नव्हे. तिला केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत; आतला सुमारे एक तृतीयांश भाग हिमोग्लोबिन, बाकी बहुतेक पाणी. ग्लुकोज जाळून मिळणाऱ्या मोजक्या ऊर्जेवर ती पंप चालवते, लोह ऑक्सिजन धरण्याजोग्या रूपात ठेवते आणि आठ मायक्रॉनची चकती असूनही प्लीहेतल्या एका मायक्रॉनच्या आसपास रुंदीच्या फटींतून पार होते. प्लीहा ही तिची कठोर परीक्षक. जरा ताठ झालेली, जरा काटेरी पेशी फटीत अडकते आणि तिथेच नष्ट होते.

लाल पेशी घोट घेत नाही, त्यामुळे प्लेटलेटची युक्ती तिला लागू पडत नाही. इथे प्रयोगांची विविधता पाहून मला मनापासून कौतुक वाटतं. डेव्हिसच्याच गटाने तिला दाट ट्रेहॅलोजमध्ये ३७ अंशांना काही तास ठेवलं. पटलावर ताण येऊन थोडी साखर आत झिरपते, पण त्या ताणाने काही पेशी फुटतातही. बोस्टनमध्ये मेहमेट टोनर यांच्या गटाने २००० मध्ये स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या विषातलं, पटलाला भोक पाडणारं प्रथिन घेतलं आणि जस्ताचे आयन असताना भोक बंद होईल असं ते घडवलं. त्यातून इतर पेशींमध्ये साखर शिरवून त्या गोठवून वाचवल्या. केंब्रिजमध्ये नायजेल स्लेटर यांच्या गटाने विषाणूंच्या शिरण्याच्या पद्धतीवर बेतलेलं बहुवारिक मेंढीच्या लाल पेशींवर वापरलं. केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठात जोनाथन कोपेचेक आणि मायकल मेंझे यांच्या गटाने सूक्ष्म बुडबुडे आणि अल्ट्रासाऊंड वापरून पटलात क्षणभर फटी उघडल्या; त्यातून ट्रेहॅलोज आत जातं आणि फटी पुन्हा मिटतात. ही शेवटची वाट मला जास्त आशादायक वाटते, कारण तिच्यात जिवाणूचं प्रथिन किंवा परकं बहुवारिक पेशीला चिकटून राहत नाही, आणि पिशवीतलं रक्त नळीतून वाहत असतानाच प्रक्रिया करता येण्याजोगी आहे.

साखर आत गेली तरी लाल पेशीचा एक खासगी शत्रू उरतो, तो म्हणजे ऑक्सिजन. सुकताना पेशीतली रक्षक वितंचकं निकामी असतात आणि हिमोग्लोबिनमधलं लोह गंजाच्या दिशेने सरकतं. त्यातून मेटहिमोग्लोबिन बनतं. ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. लाल पूड तपकिरी पडू लागली की हे घडतंय असं समजावं. म्हणून सुकवण्याआधी ऑक्सिजन काढून टाकणं, प्रतिऑक्सिडीकारक घालणं, बाटली नायट्रोजनमध्ये बंद करणं हे सगळं करावं लागतं. १९९२ मध्ये क्रायोफार्म कंपनीतल्या रेमंड गुडरिच आणि सहकाऱ्यांनी सुकवून भिजवलेल्या लाल पेशींची चयापचयाची यंत्रणा चालू असल्याचं दाखवलं, तेव्हा वाट जवळची वाटली होती. ती लांबत गेली, त्याचं कारण या बारीकसारीक गोष्टींच्या साखळीत आहे. एक कडी सुटली तरी पेशी फुटते, आणि फुटलेल्या पेशीतलं मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं. मुक्त हिमोग्लोबिनचं प्रमाण म्हणूनच शिरेतून द्यायच्या लाल पेशींच्या पुडीत सर्वांत आधी पाहिलं जातं.

इथे वाचकाला एक कसोटी हाताशी असू द्यावी. ‘सुकवलेल्या लाल पेशी ७० टक्के वाचल्या’ अशी बातमी वाचली, तर विचारायचं: कुठे वाचल्या? परीक्षानळीत भिजवल्यावर अखंड दिसल्या, की अंगात दिल्यावर दुसऱ्या दिवशी फिरत होत्या? रक्तपेढीच्या फ्रीजमधल्या पेशींना अमेरिकेत लावला जाणारा निकष दुसरा आहे: मुदत संपतानाही, दिलेल्या पेशींपैकी किमान ७५ टक्के २४ तासांनी रक्तात असल्या पाहिजेत, आणि पिशवीत फुटलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आत हवं. नळीतल्या ७० टक्क्यांपासून या आकड्यापर्यंतचं अंतर प्रचंड आहे. नळीत अशक्त पेशीही मोजल्या जातात. प्लीहा मोजत नाही, निवडते.

याच अडचणीमुळे काहींनी पेशीच सोडून दिली. ॲलन डॉक्टर आणि दीपांजन पान यांनी विकसित केलेल्या एरिथ्रोमरमध्ये मुदत संपलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मेदाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बांधलेलं असतं. केंद्रक नसलेल्या पेशीचंही पेशीपण बाजूला ठेवल्यामुळे तो कण सहज सुकवता येतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने अशी पूड, कृत्रिम प्लेटलेट आणि सुकवलेला प्लाझ्मा मिळून रणांगणावर वापरता येईल असं रक्त बनवण्यासाठी मेरीलँड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाला चार कोटी साठ लाख डॉलरच्या आसपास निधी दिला. हे कण काही तास ऑक्सिजन पोचवतील, रुग्णाला ऑपरेशन थिएटरपर्यंत जिवंत नेतील. थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी लागणाऱ्या रक्ताची जागा ते घेऊ शकणार नाहीत. त्याला टिकणारी पेशीच हवी.

श्वेतपेशींच्या कुळाचं आणखी वेगळं. इस्रायलमध्ये अमीर अराव आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नाळेच्या रक्तातल्या, मूळपेशींसह, पेशी ट्रेहॅलोज आणि हिरव्या चहातला ईजीसीजी हा प्रतिऑक्सिडीकारक वापरून, एका दिशेने सरकत जाणाऱ्या गोठणीने गोठवून सुकवल्या. भिजवल्यावर त्यांतल्या काहींनी वसाहती धरल्या. मूळपेशीला हा एक फायदा आहे: हजारांतल्या थोड्या जरी वाचल्या तरी त्या वाढून संख्या भरून काढतात. लाल पेशी वाढत नाही. दिलेली जेवढी वाचेल तेवढीच कामाला येईल.

वाळवलेल्या लाल पेशींचा पहिला घाणा कधी तयार झाला, तर तो कोणाला द्यावा? लष्करं रांगेत पुढे असतील, कारण पैसा त्यांनी लावला आहे. माझं मत वेगळं आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला. आज जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो आणि अशा माणसाला ओ गटासकट इतर कोणाचंही रक्त चालत नाही. गोठवणीची सोय नसेल तिथे त्याच्यासाठी साठा म्हणजे दात्यांची यादी आणि फोन. आपल्याकडच्या नियमांनुसार पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, आणि पिशवी टिकते ४२ दिवस. पुढची पिशवी निघण्याआधी आधीची बाद झालेली असते. अशी व्यक्ती धडधाकट असतानाही नेहमीच्या रक्तदानातून स्वतःसाठी साठा करू शकत नाही. लाल पेशींची पूड दोन वर्षं टिकली, तर त्याच व्यक्तीच्या नावाने, पुरुष असेल तर आठ आणि स्त्री असेल तर सहा बाटल्या कपाटात उभ्या राहतील.